निळा रंग नेमका कोणाचा? पॉलिपायरोलच्या नॅनोकणांनी ग्लुकोज मोजताना

एमएस्सीच्या प्रकल्पाला ‘एन्झाइमसारखे वागणारे पॉलिमर नॅनोकण’ हा विषय घेतला की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. क्युवेटमध्ये (प्रकाशशोषण मोजायच्या छोट्या पारदर्शक नळीत) झकास निळा रंग येतो, सरांना दाखवून होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाटलीतून तोच प्रयोग केला तर आकडा निम्म्यावर. किंवा तोंडीला बाहेरून आलेले परीक्षक शांतपणे विचारतात, “हा रंग तुमच्या कणांनीच दिला कशावरून?” आणि उत्तर नसतं.

ज्याचा रंग आपण बघतो ते टीएमबी, म्हणजे टेट्रामिथाइलबेंझिडिन, निळं व्हायला फारसं निमित्त लागत नाही. कण नीट न धुतल्याने राहिलेलं लोह, नळाच्या पाण्यातला क्लोरीन, केळ्याच्या गरातलं मूळचंच पेरॉक्सिडेज, यांपैकी काहीही पुरतं. म्हणून या लेखात कण बनवण्यापेक्षा कण धुणं आणि कंट्रोल लावणं (म्हणजे एकेक घटक वगळून तोच प्रयोग करून बघणं) यांवर जास्त जागा खर्च केली आहे. घाई असेल तर तिसरा आणि पाचवा टप्पा तरी वाचाच.

तत्त्व थोडक्यात असं. पेरॉक्सिडेज हे एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून दुसऱ्या पदार्थाचं ऑक्सिडीकरण करतं. पॉलिपायरोलचे, म्हणजे पायरोलचे रेणू साखळीत जोडून झालेल्या पॉलिमरचे कण आम्लधर्मी द्रावणात तेच काम करतात. ग्लुकोजवर आधी ग्लुकोज ऑक्सिडेज चालवलं की त्यातून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. हे पेरॉक्साइड, कण आणि टीएमबी एकत्र आले की निळा रंग. ग्लुकोज जितकं जास्त तितका रंग गडद. पॉलिपायरोलच का, तर ना भट्टी लागते ना महागडा धातू. बर्फ, मॅग्नेटिक स्टरर आणि चार तास असले की कण तयार होतात.

## टप्पा १: तयारी, आणि इथेच निम्मं काम

पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, नळाच्या पाण्यात क्लोरीन, आणि डिस्टिलेशनचं यंत्र वर्षानुवर्षं खरवडलेलं नसतं. दोनदा ऊर्ध्वपातन केलेलं पाणीच घ्या, आणि तेही ताजं. लेबल लावून महिनाभर ठेवलेला कॅन घेऊ नका.

काचसामान. १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून ठेवा, मग चांगल्या पाण्याने पाच-सहा वेळा खळबळा. ज्या बीकरमध्ये कुणी आयर्न ऑक्साइड बनवलं होतं तो बीकर या कामाला नकोच. स्टीलचा स्पॅच्युला फेरिक क्लोराइडला लावू नका, प्लॅस्टिकचा वापरा. स्टिररच्या मॅग्नेटवरचं टेफ्लॉन तडकलं असेल तर आतलं लोखंड आम्लात उतरतं, त्यामुळे तो मॅग्नेटही बाद.

पायरोल. ताजं पायरोल जवळजवळ रंगहीन असतं. हवा आणि उजेड लागला की पिवळं, मग तपकिरी होत जातं. कपाटातली चहाच्या रंगाची बाटली तशीच वापरली तर कण दर वेळी वेगळे निघतील. ऊर्ध्वपातन करा. ते जमत नसेल तर पाश्चर पिपेटमध्ये कापूस आणि त्यावर बेसिक अ‍ॅल्युमिना भरून त्यातून लागेल तेवढंच गाळून घ्या. पायरोल विषारी आणि ज्वलनशील आहे. हे काम फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालूनच करायचं.

फेरिक क्लोराइड. हेक्साहायड्रेट हवेतली ओल ओढतं. बाटलीत ओला चिखल झाला असेल तर तुमचं वजन पाण्याचं होतंय, लोहाचं नाही. घट्ट बुचाची कोरडी बाटली घ्या.

हायड्रोजन पेरॉक्साइड. ३० टक्क्यांचं द्रावण साधारण ९.८ मोलर असतं, पण ते बाटली भरली त्या दिवशी. मुंबई-पुण्याहून एप्रिल-मे महिन्यात ट्रान्सपोर्टने आलेली आणि वाटेत गोदामात तापलेली बाटली किती उरली आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही. मोजायला महाग यंत्र लागत नाही. विरल सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेशन करा, २ मोल परमँगनेटला ५ मोल पेरॉक्साइड. क्वार्ट्झ क्युवेट असेल तर मूळ द्रावण हजारपट पातळ करून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २४० नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स (प्रकाशशोषण) वाचा. १० मिलिमोलरला १ सेंटिमीटरमध्ये सुमारे ०.४४ येतं. काचेचा किंवा साधा प्लॅस्टिकचा क्युवेट २४० ला चालत नाही, हे विसरून कित्येक जण भलताच आकडा वहीत लिहितात.

टीएमबी. २४ मिलिग्रॅम टीएमबी १० मिली डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवा, म्हणजे १० मिलिमोलर. बाटलीला फॉइल गुंडाळा. डीएमएसओ १८.५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे फ्रिजमधून काढलेली बाटली अर्धी घट्ट, अर्धी पातळ असते. वरवर वितळलेलं पिपेटने ओढलं तर तीव्रता चुकते. पूर्ण वितळू द्या, उलटसुलट करा, मग घ्या.

बफर. ०.२ मोलर अ‍ॅसिटेट, पीएच ४.०. ०.२ मोलर अ‍ॅसिटिक आम्ल ८२ मिली आणि ०.२ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट १८ मिली एकत्र केलं की जवळपास तिथे पोहोचता, शेवटचं मीटरवर जुळवा. फॉस्फेट आणि सायट्रेट बफर सवयीने घेऊ नका. दोन्ही लोहाला धरतात, आणि मग रंग कमी झाला तो का, हे उलगडत बसावं लागतं.

> तपासा: ९५० मायक्रोलिटर बफर आणि ५० मायक्रोलिटर टीएमबी, बस. १५ मिनिटं थांबा. इथेच निळसर झाक आली तर पाण्यात क्लोरीन आहे किंवा भांडी अस्वच्छ आहेत. पुढे जाऊ नका.

## टप्पा २: कण बनवणं

१. १० मिली पाण्यात ०.७५ ग्रॅम पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ९० अंशांवर ढवळत विरघळवा. थंड पाण्यात चिमूटचिमूट टाकत गरम करा. उकळत्या पाण्यात एकदम ओतलं की गुठळी होते आणि ती सुटत नाही.

२. द्रावण खोलीच्या तापमानाला आलं की ०.६२ ग्रॅम फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट घाला आणि तासभर ढवळू द्या. लोह पॉलिमरच्या साखळ्यांत सारखं पसरायला हा वेळ लागतो. तो वाचवू नका.

३. बीकर बर्फात ठेवा, ४ ते ५ अंश.

४. जोरात ढवळत असताना ६९ मायक्रोलिटर पायरोल घाला. काही मिनिटांत नारिंगी-तपकिरी रंग जाऊन गडद हिरवट-काळा येतो. चार तास चालू द्या.

क्रम हाच ठेवा: आधी लोह, शेवटी पायरोल. उलट केलं तर फेरिक क्लोराइडचा खडा जिथे पडतो तिथेच सगळी प्रक्रिया भडकते आणि नॅनोकणांऐवजी काळा गाळ मिळतो. इथे एक मिलिमोल पायरोलला २.३ मिलिमोल लोह आहे. पहिल्याच खेपेला प्रमाण दहापट करून ‘एकदाच भरपूर करून ठेवू’ असं म्हणू नका, उष्णता निघते आणि बर्फ पुरत नाही.

उन्हाळ्यात बर्फाच्या ट्रेवर विसंबून चालत नाही. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो तेव्हा ट्रे तासाभरात पाणी होतो. थर्माकोलचा खोका घ्या, थर्मामीटर आतच ठेवा आणि दर अर्ध्या तासाने आकडा वहीत लिहा.

## टप्पा ३: धुणं

या टप्प्याला जितका वेळ द्याल तितकी पुढची डोकेदुखी कमी. बीकरमध्ये आत्ता कणांबरोबर दोन गोष्टी तरंगत आहेत: उरलेलं लोह आणि मोकळं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल. लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी स्वतःच प्रक्रिया करून टीएमबी निळं करतं. म्हणजे न धुतलेले कण ‘उत्तम काम’ करतात, आणि जितके धुवाल तितकी कामगिरी घसरते. अशी घसरण दिसली तर घाबरू नका, खरा आकडा आता दिसायला लागला आहे.

हाय-स्पीड सेंट्रिफ्यूज असेल तर: मिश्रण सुमारे ६० अंशांच्या गरम पाण्याने चौपट करा आणि १२,००० आरपीएमच्या वर अर्धा तास फिरवा. वरचं पाणी ओता, गाळ पुन्हा गरम पाण्यात सोनिकेटरने पसरवा. असं चार वेळा. पाणी गरम यासाठी की पॉलिव्हिनाइल अल्कोहोल थंड पाण्यात नीट सुटत नाही.

फक्त ४,००० आरपीएमचं छोटं यंत्र असेल तर: हे कण त्यात खाली बसत नाहीत. जे बसतात ते मोठे गोळे असतात, आणि काही जण नेमके तेच उचलून ‘नॅनोकण’ म्हणून वापरतात. त्यापेक्षा १२ ते १४ किलोडाल्टनची डायलिसिस पिशवी घ्या. पहिला दिवस ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात, पुढचे दोन दिवस शुद्ध पाण्यात, सकाळ-संध्याकाळ बदलून. थेट पाण्यात ठेवलं तर लोहाचं हायड्रॉक्साइड होऊन ते कणांवरच बसतं. आम्लात ते विरघळलेलं राहतं आणि बाहेर पडतं.

पण डायलिसिसने पॉलिव्हिनाइल अल्कोहोल जात नाही, ते पिशवीतच राहतं. तुम्ही ७५० मिलिग्रॅम पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घातलंय आणि पायरोल फक्त ६७ मिलिग्रॅम. अशा द्रावणाचं कोरडं वजन केलं तर ९० टक्क्यांहून जास्त वजन कणांचं नसेलच. ‘१० मायक्रोग्रॅम प्रति मिली कण’ असं लिहाल ते दहापट चुकलेलं असेल. म्हणून डायलिसिसनंतर एकदा तरी विद्यापीठात किंवा जवळच्या फार्मसी महाविद्यालयात हाय-स्पीड सेंट्रिफ्यूजची वेळ मागून घ्या.

> तपासा, दोन पायऱ्यांत: (अ) शेवटच्या धुण्याच्या १ मिली पाण्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब आणि पोटॅशियम थायोसायनेट घाला. गुलाबी-लाल झाक आली तर लोह आहे, परत धुवा. (आ) झाक आली नाही तरी समाधान मानू नका. डोळ्याला न दिसणारं लोहही टीएमबीला पुरतं. तेच धुण्याचं पाणी बफर, टीएमबी आणि पेरॉक्साइडमध्ये घालून १० मिनिटं बघा. ही दुसरी चाचणी पास झाली तरच कण स्वच्छ.

काही जण लोहाची कटकटच नको म्हणून फेरिक क्लोराइडऐवजी अमोनियम परसल्फेट वापरतात. चालतं, पण उरलेलं परसल्फेटही टीएमबी निळं करतं, आणि पेरॉक्साइड न घालताच करतं. धुणं टळत नाही.

आणि धुण्याचं पाणी स्वच्छ निघालं तरी कणांच्या आत अडकलेलं लोह असू शकतं. ते कळायला कण आम्लात पचवून आयसीपी (धातूंचे अंश मोजणारं यंत्र) किंवा फिनान्थ्रोलिनने (लोहाबरोबर रंग देणारा पदार्थ) मोजावं लागतं. मोजता आलं नाही तर अहवालात ‘धातूविरहित’ हा शब्द वापरू नका. एवढा प्रामाणिकपणा परीक्षकाला आवडतो.

## टप्पा ४: तीव्रता काढा, साठवा

वजन केलेल्या काचेच्या छोट्या बाटलीत १ मिली द्रावण ६० अंशांवर रात्रभर वाळवा आणि पुन्हा वजन करा. तीन बाटल्या घ्या. मग मूळ द्रावण पातळ करून ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलीचा कामाचा साठा करा. तो पातळ केलेल्या काळ्या शाईसारखा दिसतो, तळाशी काही बसता कामा नये.

सगळा साठा वाळवून पूड करू नका. वाळलेलं पॉलिपायरोल पुन्हा तसंच पसरत नाही. द्रावणातच, ४ अंशांवर ठेवा, आणि रोज वापरण्यापूर्वी पाच मिनिटं सोनिकेट करा.

आकार डीएलएसवर (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून कणांचा आकार काढणाऱ्या यंत्रावर) बघितला तर तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपपेक्षा मोठाच येणार, कारण तिथे कणाभोवतीचं पाणी आणि पॉलिमरचा थरही मोजला जातो. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून रडू नका. काळे कण लेसर शोषतात, म्हणून नमुना बराच पातळ द्या.

## टप्पा ५: सहा क्युवेट

हा टप्पा ज्याने केला नाही त्याचा पुढचा एकही आकडा मी वाचत नाही. प्रत्येक क्युवेटचं एकूण आकारमान १ मिली. पूर्ण मिश्रण असं: बफर ८५० मायक्रोलिटर, टीएमबी ५०, कण ५०, पेरॉक्साइड ५०. जे वगळायचं त्याच्या जागी तेवढंच पाणी घाला, टीएमबीच्या जागी तेवढंच डीएमएसओ.

१. फक्त टीएमबी
२. टीएमबी आणि पेरॉक्साइड, कण नाहीत
३. टीएमबी आणि कण, पेरॉक्साइड नाही
४. कण आणि पेरॉक्साइड, टीएमबी नाही
५. टीएमबी, पेरॉक्साइड आणि कणांऐवजी शेवटच्या धुण्याचं पाणी
६. सगळं

पेरॉक्साइड नेहमी शेवटी, आणि ते घातल्याच्या क्षणापासून घड्याळ सुरू. सहाही क्युवेट ६५२ नॅनोमीटरला दहा मिनिटं, दर मिनिटाला वाचा.

आता अर्थ लावा. तिसऱ्यात रंग आला तर तुमचे कण हवेतल्या ऑक्सिजनवर किंवा स्वतःच्या ऑक्सिडीकृत अवस्थेवर काम करताहेत. ही वजाबाकी पुढे प्रत्येक वेळी करावी लागेल, आणि ती मोठी असेल तर संवेदक म्हणून ही बॅच निकामी. चौथ्यात आकडा शून्य नसणारच, कारण पॉलिपायरोल काळं आहे आणि ६५२ ला स्वतःच प्रकाश शोषतं. तो आकडा मूळ धरून सहाव्यातून वजा करा. कण जास्त घातले की रंग जास्त येईल असं वाटतं, पण काळेपणाच वाढतो आणि निळा दिसायचा राहतो. शेवटची तीव्रता १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर नेऊ नका. पाचव्यात रंग म्हणजे परत टप्पा ३.

> सावध: निळ्याचा हिरवट आणि मग पिवळा होऊ लागला तर पेरॉक्साइड फार आहे. टीएमबीचा एक इलेक्ट्रॉन गेला की निळा रंग, ३७० आणि ६५२ नॅनोमीटरला शिखरं. दोन गेले की पिवळा, ४५० ला शिखर. अशा वेळी ६५२ चा आकडा खाली येतो आणि मुलं लिहितात की कण मंदावले. शंका आली की पूर्ण स्पेक्ट्रम काढा.

आकड्याचं भान राहावं म्हणून एक हिशेब: निळ्या उत्पादाचा मोलर शोषणांक ६५२ ला ३९,००० धरतात. १ सेंटिमीटर क्युवेटमध्ये ०.३९ म्हणजे १० मायक्रोमोलर. ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटर भरले तर प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर नसतो, जेमतेम निम्मा असतो. हे न सुधारता क्युवेटच्या आकड्यांशी तुलना केली की सगळं निम्मं दिसतं.

## टप्पा ६: पीएच, तापमान, वीज

पीएच ३ ते ६ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या अंकाने बघा. बहुधा ४ च्या आसपास उत्तम येईल. ७ ला जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि टीएमबीही तिथे नीट विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं.

तापमानाचं मात्र आपल्याकडे वेगळं दुखणं आहे. पुस्तकात २५ अंश लिहिलंय म्हणून वॉटर बाथ २५ वर लावता, पण साधा बाथ खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीच ३९ वर असेल तर बाथही ३९ वर. सगळे प्रयोग ३७ ला करायचं ठरवा, आणि मार्च ते जून सकाळी लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत संपवा. डिसेंबरमधला कॅलिब्रेशनचा आलेख मे महिन्यातल्या नमुन्याला लावू नका.

वीज गेली आणि आली की स्पेक्ट्रोफोटोमीटरचा दिवा पुन्हा अर्धा तास तापू द्या आणि ब्लँक (मोजायचा पदार्थ सोडून बाकी सगळं असलेला क्युवेट) नव्याने घ्या. मधले आकडे खोडून टाका.

## टप्पा ७: आधी पेरॉक्साइडचं कॅलिब्रेशन

ग्लुकोजकडे धावण्याआधी नुसत्या पेरॉक्साइडची रेषा काढा. क्युवेटमधली तीव्रता ०, १०, २५, ५०, १००, २००, ४०० मायक्रोमोलर येईल असे विसाव्या पटीचे साठे त्याच दिवशी बनवा. प्रत्येकी तीन क्युवेट, तेही वेगवेगळे भरलेले. ठरलेल्या मिनिटाला, समजा दहाव्या, वाचा. वरच्या टोकाला रेषा वाकेल. वाकलेले बिंदू सरळ रेषेत कोंबून आर-वर्ग ०.९९ दाखवण्याचा मोह टाळा, सरळ भाग तेवढाच वापरा.

कमीत कमी किती ओळखता येतं, ते ब्लँकच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट भागिले रेषेचा उतार. ब्लँक दहा हवेत, म्हणजे दहा वेगळे भरलेले क्युवेट. एकच क्युवेट आत ठेवून दहा वेळा बटण दाबलं तर यंत्राचा गोंगाट मोजला जातो, तुमच्या पिपेटचा नाही, आणि उत्तर खोटं सुंदर येतं.

मायकेलिस-मेंटेनचे आकडे (तीव्रतेबरोबर प्रक्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणारे) हवे असतील तर पहिल्या मिनिटाचा वेगच घ्या, दहाव्या मिनिटाची अ‍ॅब्सॉर्बन्स नाही. एकदा टीएमबी स्थिर ठेवून पेरॉक्साइड बदला, एकदा उलट. वेग आणि तीव्रता दोन्हींचे व्यस्त घेऊन काढलेला आलेख कमी तीव्रतेच्या चुका फुगवतो, त्यापेक्षा वक्रच थेट जुळवा.

## टप्पा ८: ग्लुकोज, दोन पायऱ्यांत

ग्लुकोज ऑक्सिडेजला पीएच ५.५ च्या आसपास बरं वाटतं, कणांना ४. दोन्ही एकाच भांड्यात घालून वेळ वाचवायला गेलं की दोघंही अर्धवट काम करतात.

१. १०० मायक्रोलिटर ग्लुकोज आणि १०० मायक्रोलिटर ग्लुकोज ऑक्सिडेज (१ मिलिग्रॅम प्रति मिली, १० मिलिमोलर अ‍ॅसिटेट, पीएच ५.५). ३७ अंशांवर ३० मिनिटं.

२. त्यात ७०० मायक्रोलिटर पीएच ४.० चा बफर, ५० टीएमबी, ५० कण. दहा मिनिटांनी ६५२ ला वाचा.

दोन बारकावे फार जणांना माहीत नसतात. एक, ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त बीटा रूपावर चालतं. ताज्या विरघळवलेल्या ग्लुकोजमध्ये बहुतेक अल्फा असतं, स्थिर झाल्यावर सुमारे ६४ टक्के बीटा होतं. म्हणून ग्लुकोजचा साठा आदल्या रात्री करून ठेवा. सकाळी करून लगेच वापरला तर दुपारपर्यंत आकडे चढत जातात. दोन, स्वस्त ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये कॅटलेजची भेसळ असते, आणि कॅटलेज तुमचं पेरॉक्साइड खाऊन टाकतं. तपासायला एन्झाइमच्या द्रावणात माहीत असलेलं पेरॉक्साइड घालून अर्ध्या तासाने किती उरलं ते टप्पा ७ च्या रेषेवर वाचा. डबीवर सोडियम अझाइड लिहिलंय का तेही बघा, टिकवण्यासाठी घातलेलं हे रसायन रंगाची प्रक्रिया बिघडवू शकतं.

कंट्रोल इथेही हवेत: ग्लुकोज आहे पण एन्झाइम नाही, एन्झाइम आहे पण ग्लुकोज नाही, आणि उकळून मारलेलं एन्झाइम. निवडकता दाखवायला फ्रुक्टोज, सुक्रोज आणि माल्टोज घ्या. माल्टोजला थोडा रंग आला तर आधी माल्टोजच्या डबीतच ग्लुकोजचा अंश आहे का ते तपासा.

## टप्पा ९: खरा नमुना, म्हणजे केळं

पहिलाच नमुना म्हणून रक्त नको. माणसाच्या नमुन्याला संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि या आकड्यावरून कुणाची साखर सांगणं तर मुळीच नको. रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून केळं सोडून दुसरीकडे जायचं कारण काय? पण केळं सोपं नाही. त्याच्या गरात स्वतःचं पेरॉक्सिडेज आहे, पॉलिफिनॉल ऑक्सिडेज आहे, डोपामिन आहे, क जीवनसत्त्व आहे. पहिलं रंग वाढवतं, शेवटची दोन रंग खातात.

१ ग्रॅम पिकलेला गर, सालीचा तुकडाही नको कारण डोपामिन सालीत जास्त. १० मिली पाण्यात चेचून लगेच ९० अंशांच्या बाथमध्ये १० मिनिटं ठेवा. सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी घ्या, थंड होऊ द्या. पिकलेल्या केळ्यात वजनाच्या सुमारे ५ टक्के ग्लुकोज असतं, म्हणजे तुमच्या अर्कात २५ मिलिमोलरच्या आसपास. तो तसाच वापरला तर पिवळा रंग येऊन फसगत होईल. शंभरपट पातळ करा: २५० मायक्रोमोलर, आणि क्युवेटमध्ये आणखी दहापट पातळ होऊन २५. पातळ करण्याचा दुसरा फायदा म्हणजे अडथळा आणणारे पदार्थही शंभरपट कमी होतात.

> तपासा: अर्क, टीएमबी आणि पेरॉक्साइड, कणांशिवाय. रंग आला तर पेरॉक्सिडेज मेलेलं नाही. हे एन्झाइम उष्णतेला चिवट आहे, थोडं तापवलं तर थंड झाल्यावर परत जागं होतं. आणखी १० मिनिटं तापवा.

क जीवनसत्त्वाची खूण दहाव्या मिनिटाच्या एका आकड्यात दिसत नाही, वेळेच्या आलेखात दिसते. रेषा सुरुवातीला जमिनीला चिकटून सपाट राहते आणि मग एकदम उठते. जोवर ते शिल्लक आहे तोवर निळं झालेलं टीएमबी परत रंगहीन होत राहतं. असा सपाट पाय दिसला तर आणखी पातळ करा.

शेवटी भर घालून बघणं. त्याच अर्कात माहीत असलेलं ग्लुकोज, समजा १०० मायक्रोमोलर, घाला आणि फरक मोजा. ९० ते ११० टक्के परत मिळालं तर पद्धत चालते. ६० टक्के मिळालं तर अर्कात काहीतरी रंग खातंय, आणि साध्या पाण्यात काढलेली रेषा या नमुन्याला लागू नाही. मग अर्कातच वाढत्या प्रमाणात ग्लुकोज घालून रेषा काढावी लागेल. कष्ट जास्त आहेत, पण दुसरा मार्ग नाही.

## स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर मोबाइल

चालतो, पण खोका हवा. आतून पांढरा कागद, एकच एलईडी, मोबाइल एका जागी पक्का, फ्लॅश बंद, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक. प्रत्येक फोटोत ब्लँकचा क्युवेट शेजारी असलाच पाहिजे.

फोटोतून रंगाचे आकडे काढताना जवळपास सगळे निळा चॅनल घेतात, कारण द्रावण निळं दिसतं. चूक. हा रंग लाल प्रकाश शोषतो म्हणून निळा दिसतो, त्यामुळे बदल लाल चॅनलमध्ये होतो आणि निळा जवळपास जागचा हलत नाही. नमुन्याच्या लाल आकड्याला ब्लँकच्या लाल आकड्याने भागा, लॉग घ्या, चिन्ह उलटं करा. हा आकडा अ‍ॅब्सॉर्बन्ससारखा वागतो, पण अ‍ॅब्सॉर्बन्स नाही. त्याची रेषा वेगळी काढा, आणि त्यात ३९,००० चा शोषणांक घालू नका.

उरलेलं सगळं, टीएमबी, डीएमएसओ, कण, आम्ल, बेसिनमध्ये न ओतता लेबल लावलेल्या कॅनमध्ये जमा करा. पेरॉक्साइड शिल्लक असेल तर तो कॅन घट्ट बंद करू नका, वायू साठून फुगतो.